खेकड्याचं बीळ

25 जुलै 2022 ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एक विमान पडलं. सेसना 152 जातीचं, दोन माणसांपुरतं, शिकाऊ. बारामतीहून उडालेलं. आत वैमानिकीचं शिक्षण घेणारी एकटी मुलगी होती. इंजिनाची ताकद गेली आणि विमान सरळ शेतात आलं. मुलगी जखमी झाली, पण वाचली. शेतातली माणसं धावली. शेतात काही पडलं की आधी धावतो तो शेतकरीच.

पुढच्या वर्षी बारामतीजवळच 19 ऑक्टोबर आणि 22 ऑक्टोबर 2023, चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. दोन्ही रेडबर्ड नावाच्या एकाच प्रशिक्षण संस्थेची. माणसं जखमी झाली, जीव कुणाचा गेला नाही. डीजीसीए, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याने देखभालीवर बोट ठेवून त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. तपासण्या झाल्यावर ते पुन्हा सुरू झालं. पेपरात दोन दिवस बातमी होती, मग कांद्याच्या भावाने तिची जागा घेतली.

मी मोऱ्याचा. मोरा म्हणजे उरणच्या उत्तरेचं बंदर, समोर मुंबई. आमची लाँच भाऊच्या धक्क्याला जाते. विमानात मी उभ्या आयुष्यात दोनदा बसलो. पण इंजिन मला कळतं. दहावीनंतर शाळा सुटली ती थेट डिझेल इंजिनाच्या हँडलशीच गाठ पडली. म्हणून या बातम्या मी वाचल्या त्या इंजिनवाल्याच्या डोळ्यांनी.

त्या सेसनाचं इंजिन साधारण 110 हॉर्सपॉवरचं, चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. आपल्या जुन्या ट्रॅक्टरपेक्षा फार वेगळं नाही, फक्त हलकं, आणि डिझेलऐवजी विमानाच्या पेट्रोलवर चालणारं. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. एक मेला तर दुसरा चालू. उडण्याआधी वैमानिक एकेक बंद करून बघतो, इंजिन किती दबतं ते. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून उजेडात धरतात, खाली पाणी साचलंय का बघायला. हे आपण डिझेलच्या बाबतीत करतो का? फिल्टर चोंदतो, नळीत हवा धरते, इंजिन भक-भक करून बंद पडतं, मग आपण शिव्या देत स्पॅनर शोधतो. आपलं चालतं, कारण आपलं इंजिन जमिनीवर उभं असतं.

वर ते चालत नाही. हजार फुटांवर इंजिन गेलं आणि वारा नसला तर असलं विमान साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात जागा शोधायची, वाऱ्याचं तोंड बघायचं, रेडिओवर बोलायचं आणि उतरायचं. वरून ऊस हिरव्या सतरंजीसारखा सपाट दिसत असणार; आत शिरल्यावर तो दोन पुरुष उंच. भाताचं खाचर दिसायला आरसा, पण बांधाला चाक अडलं की विमान नाकावर. आणि पावसाळ्यात चिखल. जिथे बैलाचा पाय रुततो तिथे विमानाचं काय होणार? त्या पोरांना शिकवताना कुणी शेतकऱ्याला बोलावून कुठलं पीक कसं असतं ते सांगितलं तर बरं होईल, असं मला खरोखर वाटतं.

या इंजिनांचा इतिहास बघायला गेलो तर सगळीकडे उडवणाऱ्यांची नावं. राइट बंधूंनी 17 डिसेंबर 1903 ला पहिलं विमान उडवलं, हे आम्हाला शाळेत होतं. पण त्या विमानाचं इंजिन कुणी केलं? चार्ली टेलर नावाचा त्यांच्या सायकलच्या दुकानातला मेकॅनिक. सहा आठवड्यांत, लेथ आणि ड्रिल मशीनवर, साधारण 12 हॉर्सपॉवरचं. त्याचं नाव धड्यात नव्हतं. आपल्याकडेही तेच. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. एकच इंजिन, एकच माणूस. आदल्या रात्री ज्याने त्या इंजिनाचे नट आवळले असतील त्याचं नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. सांभाळणाऱ्याचं नाव राहत नाही. त्याचं काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही, आणि जे घडलं नाही त्याची बातमी कोण छापणार?

आमच्या खारीत हेच होतं. बाहेरच्या लोकांना सांगायला पाहिजे. उरण, पेण, अलिबागकडे समुद्राला मातीचा बांध घालून मागे भातशेती करतात. समुद्राकडच्या मोठ्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. आतलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला लाकडी झडपेची उघाडी असते. बांधाला भगदाड पडलं की आम्ही म्हणतो, खांड गेली. आता खांड काय लाटेने एका दिवसात पडते? नाही. आधी खेकडा बीळ करतो. बोटाएवढं. त्यातून भरतीचं पाणी थेंब-थेंब झिरपतं, माती नेतं. पुढच्या उधाणाला मनगटाएवढं होतं. वरून बांध तसाच, त्यावर गवत हिरवंगार. मग एका अमावास्येच्या उधाणाला दहा-बारा हात बांध बसतो, आणि सगळे म्हणतात, समुद्र कोपला.

माझा बाप दर भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास समुद्र नरम असतो तेव्हा, कुदळ खांद्यावर टाकून बांधावरून फिरायचा. ओल दिसली की थांबायचा, टाचेने दाबून बघायचा, चिकणमातीचा गोळा आत ठोकायचा. प्रत्येक घराचा बांधाचा तुकडा ठरलेला असे. पुढे माणसं कंपन्यांत लागली, जमिनी संपादनात गेल्या, आणि उरलेल्या बांधाची डागडुजी कागदावर आली. एका वर्षी कागदावर आमच्या बांधाची दुरुस्ती झाली होती. सही होती, शिक्का होता. बांधावर मात्र एक पाटी मातीसुद्धा पडली नव्हती. श्रावणातल्या उधाणाला खांड गेली. लाल दाण्याचा राता उभ्या पिकात करपला, आणि खारं पाणी शिरलेली जमीन धुऊन निघायला तीन पावसाळे गेले. त्या तीन वर्षांत आमच्या घरातल्या दोन म्हशी विकल्या गेल्या.

म्हणून मला 1976 ची गोष्ट कधी विसरता आली नाही. मी नुकती दहावी उरकली होती. 12 ऑक्टोबरच्या रात्री, दीड वाजून गेल्यावर, इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल जातीचं विमान सांताक्रूझहून मद्रासला निघालं. 89 प्रवासी, 6 कर्मचारी. उडाल्याबरोबर उजवं इंजिन फुटलं. वैमानिकाने विमान वळवलं, धावपट्टीकडे आणलं, पण धावपट्टी काही अंतरावर राहिली असताना विमान नाक खाली करून कोसळलं. 95 च्या 95 गेले. मल्याळी नटी राणी चंद्रा त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी लाँचवरून पेपर आले ते धक्क्यावरच हातोहात संपले. सगळे बोलत होते नशिबाबद्दल.

चौकशीत निघालं ते असं. जेट इंजिनात हवा दाबायला एकामागे एक चकत्या असतात, प्रत्येकीला पाती. त्यातली दहावी चकती फुटली. कारण धातूचा थकवा. लोखंडाची तार आपण पुढे-मागे वाकवत राहिलो की ती तुटते ना, तसंच. इंजिन प्रत्येक वेळी चालू होतं, तापतं, ताण घेतं, बंद होतं. त्यातून केसासारखी चीर पडते, दर उड्डाणाला जराशी वाढते, आणि एका रात्री चकतीचे तुकडे होतात. ते तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे बाहेर आले, इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग लागली. आगीने हायड्रॉलिकचं तेल गेलं. जेसीबीचं तेल गेलं की बकेट खाली पडते, तसं विमानाचं सुकाणूच गेलं. दुसरं इंजिन शाबूत असून उपयोग काय? वैमानिकाच्या हातात दांडा होता, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला काही उरलं नव्हतं.

मी हे कळल्यावर एवढंच म्हटलं: खेकड्याचं बीळ.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत डीसी-10 जातीच्या मोठ्या विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती अशीच फुटली. हायड्रॉलिकच्या तिन्ही वाटा तुटल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करून ते विमान सू सिटी नावाच्या गावापर्यंत आणलं. उतरताना ते मोडलं, एक मोठा तुकडा मक्याच्या शेतात जाऊन पडला. 296 पैकी 112 गेले, 184 वाचले. तिथल्या चौकशीने सरळ लिहिलं की चीर तपासणीत सापडायला हवी होती, ती सुटली. म्हणजे तपासणी करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून, रंगाचं औषध लावून, दिव्याखाली धरून, ती चकती पुढे गेली. चूक आळसानेच होते असं नाही. शंभर चकत्या चांगल्या निघाल्या की एकशेएकावीही चांगलीच असणार असं डोळ्याला वाटायला लागतं. बांधावरून फिरणाऱ्यालाही हे होतं.

आणि दर वेळी विमानातलेच मरतात असंही नाही. 28 जून 2018 ला जुहूहून एक लहान किंग एअर विमान चाचणीसाठी उडालं. बराच काळ दुरुस्तीत असलेलं. भर दुपारी घाटकोपरला, चालू बांधकामाच्या जागेवर पडलं. विमानात दोन वैमानिक होत्या-होते, आणि दोन देखभालीचे इंजिनिअर. चौघं गेले. पाचवा रस्त्याने चालणारा माणूस. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून आकडा पाचावर राहिला. या अपघातात इंजिन किती दोषी, पाऊस किती, हा वाद मी घालत नाही. माझ्या मनात राहिले ते दोन इंजिनिअर. ज्यांनी विमान सांभाळलं ते त्यात बसून गेले.

आता आमच्याच आभाळात विमानं आली. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या खाडीत आमची माणसं निवटे पकडायची त्या बाजूला धावपट्टी आहे. माझ्या चुलतभावाचा नातू विमानाच्या देखभालीचं शिक्षण घेतोय. घरात सगळ्यांना आनंद, विमानतळावर नोकरी लागेल म्हणून. मी त्याला गणपतीत विचारलं, "बाळा, तुझं काम नेमकं काय रे?"

तो म्हणाला, "आजोबा, 50 तासांनी तपासणी, 100 तासांनी तपासणी. लायसन मिळालं की मग सही करायची. सही झाल्याशिवाय विमान हलत नाही."

"आणि साहेब म्हणाला, वेळ नाही, कर सही?"

पोर जरा हसलं. "नाय करायची."

"नोकरी गेली तर?"

त्याच्यावर तो गप्प झाला. त्याची आजी मोदक घेऊन आली, म्हणाली, सणाच्या दिवशी कशाला पोराला नाट लावताय. मी विषय सोडला. संध्याकाळी मात्र तो आपणहून आला, म्हणाला, मला तो बाहेरकाठा दाखवा, नुसतं ऐकलंय. आम्ही दोघं गेलो. भांग होता, पाणी लांब होतं. बांधाचा निम्मा भाग तिवरांत गेलाय, पण उरलेल्यावरून चालता येतं. उघाडीपाशी तो थांबला, वाकला आणि बोट घालून म्हणाला, "आजोबा, हे बघा, आत ओल आहे."

मी कुदळ आणली नव्हती. आम्ही हातांनीच चिकणमाती काढली.