फ्रीजवरचं वेळापत्रक आणि मुकादमाची शिट्टी

लेक बाळंतपणासाठी परभणीला आली आहे. नातू सव्वा महिन्याचा झाला. तिनं फ्रीजवर कागद चिकटवलाय : सकाळी ६, ९, १२, ३... रात्र धरून आठ वेळा दूध. पुढं पुण्याला कंपनीत रुजू व्हायचंय, म्हणून आत्तापासून सवय. कागद बघून माझी माय म्हणाली, "लेकराला घड्याळ कळतं व्हय गं?"

पण मंडळी, खरं सांगायचं तर मायनंही मला घड्याळावरच पाजलं. घड्याळ तेवढं मुकादमाचं होतं.

माझा जन्म १९७२ चा, दुष्काळातला. माय जिंतूर तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मी बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. "सकाळी निघताना पाजायचं, मंग दुपारच्या सुट्टीत, मंग दिवस मावळल्यावर. मधी रडलास तर रडलास. पान्हा फुटून चोळी भिजायची, पर पाटी खाली ठेवली की माप कमी भरायचं." हे सांगताना माय हसते. मला हसू येत नाही.

तासावर दूध पाजायचं हे शास्त्र म्हणून आलं ते फार लांबून. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग नावाचे डॉक्टर होते, वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख. इस्पितळाच्या शेतावरची वासरं हगवणीनं मरायची, म्हणून त्यांनी मोजून-मापून, वेळेवर दूध द्यायची शिस्त लावली. वासरं सुधारली. मग तोच धडा माणसाच्या लेकरांना! १९०७ मध्ये संस्था काढली, पुढं पुस्तक लिहिलं. दर चार तासांनी पाजा, रात्री नाही, उगाच कडेवर घेऊ नका. ब्रिटन-ऑस्ट्रेलियापर्यंत हे गेलं. बाटलीच्या घाण दुधानं लेकरं दगावायची तो काळ, त्यामुळं त्यांच्या स्वच्छतेच्या आग्रहाला नावं ठेवणार नाही. पण घड्याळाचा हट्ट टिकला नाही. आज डॉक्टर सांगतात, सुरुवातीला दिवसभरात ८ ते १२ वेळा, लेकरू मागेल तेव्हा. कारण पाजावं तेवढं दूध तयार होतं; पाजणं तुटलं की दूध आटत जातं.

(जुन्या बायकांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही हं. गायीच्या चिकाचा आपण आवडीनं खरवस करायचो आणि आईच्या अंगावरचा चीक मात्र पिळून फेकायचो.)

दूध आटलं की येते बाटली. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आपल्याकडं १९९२ च्या कायद्यानं बंदी घातली, आणि चांगलंच केलं. पण आईला वेळ कोण देणार? मुंबईच्या गिरण्यांत बाया पाळीवर जाताना लेकरांना अफूच्या बाळगोळ्या देत, झोपून राहावीत म्हणून. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली आणि १९२९ ला कायदा झाला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं परभणीला त्याचा उपयोग शून्य. १९६१ च्या केंद्रीय कायद्यानं रुजू झालेल्या आईला लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ ला रजा २६ आठवडे झाली. माझ्या लेकीला ती मिळाली. त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच गेले, म्हणजे सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा हिशोब तिचाही पुरता बसत नाही.

आणि शेतात राबणाऱ्या बाईचं काय? २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची, असं लिहिलं होतं. निदान लिहिलं तरी होतं. ऊसतोडीत तेही नाही. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून जी जोडपी जातात, त्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, बसून राहिलं तर खाडा.

आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींची सून परवा घरी आली होती. तिचं लेकरू दोन महिन्यांचं, दिवाळीनंतर टोळीबरोबर जायचंय. तिनं विचारलं, "ताई, कागदावर काय लिवलंय?" लेकीनं वेळा वाचून दाखवल्या. तिनं बोटांवर मोजलं.

"आठातल्या पाच टायमाला तर माझ्या हातात कोयताच असतो," म्हणाली. मग मायकडं वळून विचारलं, "आजी, झोळीला एखादं जुनं लुगडं आहे का?"

माय उठून पेटी उघडायला गेली.