बाक आणि शेक

औंढा नागनाथच्या मंदिरावरची यादवकालीन शिल्पे आजही पाहता येतात. दगड टिकला. त्या काळातल्या लाकडाला आणि बांबूला मात्र वाळवी लागली. उत्खननांत लोखंडी बाणाग्रे मिळतात, धनुष्य सहसा मिळत नाही. म्हणून धनुष्य-बाण घडवताना लाकडाला शेक कसा देत, हे ग्रंथांत आणि कारागिरांच्या हातांत शोधावे लागते.

कौटिल्याने आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्यासाठी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग ही द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. यातली रुई आजही हिंगोलीकडे कुठल्याही बांधावर उगवते. वेळूची दोरी वाचून नवल वाटेल. पण सातपुड्यातील भिल्लांच्या बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच कामटीची दोरी असते. या यादीत द्रव्ये आहेत, कृती नाही.

कृती सापडते पाली साहित्यात. मज्झिम निकायातील देवदह सुत्तात बाण करणारा कारागीर दोन पेटत्या कोलितांमध्ये काडी तापवून सरळ करतो. एकदा ती सरळ झाली की पुन्हा तापवत नाही. महाजनक जातकातला कारागीर निखाऱ्यावर बाण तापवतो, कांजीने भिजवतो आणि एक डोळा मिटून त्याचा बाक पाहतो.

दोन्ही वर्णने दृष्टान्तासाठी आली असली, तरी कारागिरीच्या दृष्टीने अचूक आहेत. लाकडातील तंतूंना धरून ठेवणारे लिग्निन उष्णतेने व ओलाव्याने मऊ होते आणि निवताना पुन्हा घट्ट होते. म्हणून दिलेला आकार बऱ्याच अंशी टिकतो. शेक जास्त झाला तर लाकूड ठिसूळ बनते. बाणात हा दोष लहान, धनुष्यात मोठा. कारण धनुष्याला प्रत्येक ओढीला वाकायचे आणि पुन्हा उसळायचे असते. कुठे थांबायचे, हीच खरी विद्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. बांबूचे उलट आहे: बेताच्या शेकाने बाक जातो, बांबू राहतो.

राजाच्या कोठाराने द्रव्ये मोजली. कृती उरली ती भिक्षूंच्या दृष्टान्तांत. आज एखादे जुने तिरकमान संग्रहात ठेवताना लांबी आणि लाकडाबरोबरच एवढे तरी घडवणाऱ्याला विचारून लिहून ठेवावे: शेक ओल्या बांबूला की वाळल्या, किती वेळ, आणि हात कधी थांबला?