दुसऱ्या मात्रेवरचें पाऊल

शिक्षकाच्या आयुष्यांत सर्वांत अवघड प्रसंग कोणता, असें विचारल्यास पुष्कळ जण म्हणतील कीं, मठ्ठ विद्यार्थी पुढें बसला असतां धीर न सोडणें हाच. परंतु याहूनही कठीण असा एक प्रसंग आहे. जें वर्षानुवर्षें शिकविलें, तेंच मुळांत चुकलेलें होतें असें एके दिवशीं ध्यानांत येणें, आणि तें चारचौघांत सांगून पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करणें, हा तो प्रसंग होय. लंडन येथील एका नृत्यशिक्षकाच्या वांट्यास तो १९४७ सालीं हॅव्हाना शहरांत आला.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत लंडनमध्यें जोडीनें नाचण्याचा षोक फार वाढला होता. नृत्य शिकविण्याच्या व्यवसायांत ज्यांनीं त्या वेळीं नांव मिळविलें, त्यांत मॉस्यू पिएर या नांवानें ओळखले जाणारे एक फ्रेंच गृहस्थ होते. डोरिस लॅव्हेल या बाई त्यांच्या नृत्यांतील जोडीदार व शिकविण्यांतील सहकारी. दोघांचाही ओढा लॅटिन नृत्यांकडे. अमेरिका खंडांतील स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत जन्मलेल्या नृत्यांस हें नांव देतात. ब्राझीलचा सांबा व क्यूबाचा रुंबा हीं त्यांपैकीं प्रमुख.

रुंबा युरोपांत कसा पोंचला ही हकीकत मोठी मौजेची आहे. १९३० सालीं डॉन अस्पियासू यांच्या क्यूबन वाद्यवृंदानें न्यूयॉर्क येथें मोइसेस सिमोन्स यांचें एक गाणें ध्वनिमुद्रित केलें. गायक होते आंतोनियो माचिन. शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याची हांक हाच त्या गाण्याचा विषय. तें अमेरिकेंत व युरोपांत अतिशय गाजलें, आणि त्याबरोबर रुंबा हा शब्दही सर्वतोमुखीं झाला. वस्तुतः हें गाणें ‘सोन’ नामक क्यूबन प्रकारांतलें. क्यूबांतील लोक ज्यास रुंबा म्हणतात तो निराळाच. हॅव्हाना व मातान्सास येथील गरीब वस्त्यांतून, आफ्रिकेहून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनीं तो ढोलाच्या व गाण्याच्या साथीवर वाढविला. २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत त्याचा समावेश केला. पण परदेशच्या बाजारांत सोनलाच रुंबा हें नांव चिकटलें तें कायमचें. जेथें नांवांतच घोटाळा, तेथें पावलांत घोटाळा झाला तर नवल नव्हे.

पिएर यांनीं लॅटिन नृत्यांचें पहिलें ज्ञान पॅरिसमधील नृत्यगृहांत जाऊन मिळविलें. युरोपांत तेव्हां रूढ असलेल्या रुंबास ‘चौकोनी रुंबा’ म्हणत. नर्तकांचीं पावलें जमिनीवर चौकोन काढीत, आणि पहिलें पाऊल पहिल्या मात्रेवर पडे. शिकण्यास सोपा, गर्दींतही नाचतां येण्याजोगा असा तो प्रकार होता. पिएर व लॅव्हेलबाई यांनीं तोच आस्थेनें शिकविला. महायुद्ध संपल्यावर मात्र पिएर यांनीं मूळ ठिकाणीं जाऊन पाहण्याचें ठरविलें, व १९४७ सालीं ते हॅव्हानास गेले. तेथें पेपे रिव्हेरा या कसलेल्या क्यूबन नर्तकानें त्यांस दाखवून दिलें कीं, ते ठेका चुकवून नाचत आहेत!

यांतील मर्म समेच्या कल्पनेवरून आपल्याकडील श्रोत्यांस चटकन उमगेल. रुंबाच्या एका आवर्तनांत चार मात्रा असतात. युरोपांतील नर्तक पहिल्या मात्रेवर पाऊल टाकून मोकळे होत. क्यूबांतील नर्तक दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पावलें टाकी, आणि पुन्हां पहिली मात्रा आली कीं पाय थांबे. पण अंग थांबत नसे. चौथ्या मात्रेवर टाकलेल्या पावलावर देहाचा भार पुरता येई, गुडघा सरळ होई, आणि कंबर त्या बाजूस आपोआप झुके. तो माणूस सम साधी ती पाऊल न टाकतां. कंबरेचें तें डोलणें शोभेसाठीं वरून चिकटविलेलें नव्हे. भार देण्याच्या रीतींतूनच तें उत्पन्न होई. मात्रा चुकली कीं तेंच डोलणें खोटें दिसूं लागे.

वहींत चूक आढळली तर रबरानें पुसतां येते. पायांत मुरलेल्या चुकीस रबर नाहीं. वाद्यें सुरू झालीं कीं मन सावध होण्यापूर्वींच पाय जुन्या संवयीनें पुढें पडतो. शिवाय नर्तकाच्या आयुष्यभराच्या आठवणी अंगांतच सांठविलेल्या असतात. जुनी चाल सोडावयाची म्हणजे त्या आठवणींवरच पाय द्यावयाचा. पिएर हे त्या वेळीं कांहीं तरुण नव्हते, आणि शिक्षक म्हणून त्यांचा लौकिकही झालेला होता. गप्प राहिले असते तर लंडनमध्यें त्यांस जाब विचारणारा कोणी नव्हता. तरी ते परत आले आणि त्यांनीं व लॅव्हेलबाईंनीं दुसऱ्या मात्रेवरून शिकविण्यास सुरुवात केली.

यावरून शिक्षकांत मोठा वाद माजला. ‘रुंबाचें युद्ध’ असेंच त्यास म्हणूं लागले. चौकोनी रुंबाच्या कैवाऱ्यांची बाजू अगदींच टाकाऊ होती असें नाहीं. पहिली मात्रा कोणाच्याही कानास सांपडते. दुसरी धरून ठेवण्यास सराव लागतो. करमणुकीसाठीं येणाऱ्या माणसास इतकें अवघड शिक्षण कशाला, हा प्रश्न गैर नव्हता. पिएर यांचा आधार एकच होता: ज्यांचें हें नृत्य, ते असें नाचतात. पुढें कित्येक वर्षांनीं क्यूबन पद्धतीसच स्पर्धांत व परीक्षांत मान्यता मिळाली.

दरम्यान त्यांची विद्यार्थीदशा संपली नव्हती. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ते पुन्हां क्यूबास गेले. तेथें एक नवाच प्रकार आकारास येत होता. चौथ्या मात्रेचे दोन तुकडे करून लोक तेथें झटपट पावलें घालीत. याच प्रकारासाठीं संगीत रचणारे व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन यांचें ‘ला एंगान्यादोरा’ हें गाणें १९५३ सालीं ध्वनिमुद्रित झालें, आणि त्या नृत्यास ‘चा-चा-चा’ हें नांव पडलें. पावलें जमिनीवर घासतांना होणाऱ्या आवाजावरून तें आलें असें सांगतात. हेंही नृत्य पिएर यांनीं इंग्लंडांत नेलें.

१९५९ सालीं क्यूबांत राज्यक्रांति झाली, आणि पिएर यांनीं पाहिलेली हॅव्हाना पालटली. १९६३ सालीं त्यांचें लंडन येथें निधन झालें. पुढें लॅव्हेलबाईंनीं लॅटिन नृत्यांवर पुस्तक लिहिलें. आज जगभरच्या स्पर्धांत रुंबा व चा-चा-चा नाचले जातात, आणि ‘आलेमाना’, ‘कुकाराचा’ अशीं स्पॅनिश नांवें स्पॅनिश न जाणणारे विद्यार्थीही सहज उच्चारतात. कुकाराचा म्हणजे झुरळ, हें त्यांतील कित्येकांस ठाऊकही नसेल. पण त्या हालचालींत जुन्या हॅव्हानाच्या नृत्यगृहांची आठवण शिल्लक आहे. ती टिकली याचें कारण, एका प्रौढ शिक्षकानें परक्या शहरांत आपली चूक ऐकून घेतली, आणि शिष्यांपुढें येण्याआधीं तो स्वतः पुन्हां शिष्य झाला.