लवचिकता : तंदुरुस्तीचा दुर्लक्षित पैलू

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला पोहोचतो. सुमारे ५० किलोमीटरचा हा टप्पा रिंगणांसाठी प्रसिद्ध आहे. काटेवाडीत मेंढ्यांचे, तर बेलवाडी व इंदापूर येथे अश्वांचे गोल रिंगण होते. दिवसचे दिवस चालत आलेले वारकरी तेथे धावतात, फुगडी घालतात, हुतुतू खेळतात. त्याच दिंडीत शहरातून आलेला, रोज तासभर चालण्याचा सराव असलेला वारकरी मात्र मुक्कामी मांडी घालून बसतानाही पुष्कळदा अवघडतो. त्याचा दम टिकतो, पण अंग वळत नाही. हा फरक लवचिकतेचा असतो.

लवचिकता म्हणजे काय?

सांध्याची हालचाल वेदनेविना पूर्ण कक्षेत करता येण्याची क्षमता म्हणजे लवचिकता. हृदय व फुप्फुसांची कार्यक्षमता, स्नायूंची ताकद, स्नायूंचा चिवटपणा, शरीरातील मेदाचे प्रमाण आणि लवचिकता हे आरोग्याशी निगडित तंदुरुस्तीचे पाच घटक मानले जातात. यांपैकी एक मिळवला म्हणजे दुसरा आपोआप मिळतो, असे नाही. शिवाय लवचिकता प्रत्येक सांध्याची वेगळी असते. खांदे मोकळे असलेल्या माणसाची कंबर ताठर असू शकते.

नुसते चालणे का पुरत नाही?

सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० अंशांपर्यंतच वाकतो. उकिडवे बसताना तो १२० अंशांहून अधिक वाकावा लागतो. म्हणजे मैलोन्मैल चालूनही गुडघा, घोटा व खुबा यांच्या हालचालीचा मोठा भाग वापरलाच जात नाही. जी हालचाल वापरात राहत नाही, ती हळूहळू आखडते. जमिनीवर बसणे-उठणे, वाकून सारवणे, फुगडी घालणे यांतून ग्रामीण जीवनात ही कक्षा नकळत वापरली जात असे. खुर्ची, डायनिंग टेबल आणि कमोड यांनी शहरी माणसाचा तो सराव काढून घेतला. तासन् तास खुर्चीत बसल्याने कमरेच्या पुढचे आणि मांडीच्या मागचे स्नायू ताठर होण्याची शक्यता वाढते.

अंगमेहनत केली म्हणजे लवचिकता येते, असेही नव्हे. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात ऊसतोडणी कामगार दिवसभर वाकून कोयता चालवतात, डोक्यावरून मोळ्या वाहतात. ताकद व चिवटपणा यांची ही कसोटी आहे. पण एकाच दिशेने वारंवार वाकणे आणि त्यात ओझे उचलणे यांचा कमरेवर ताण येतो. श्रमात शरीर कामाच्या गरजेनुसार वळते. व्यायामात सर्व दिशांचा समतोल साधता येतो.

फायदे आणि मर्यादा

पाऊल टाकताना घोटा पुरेसा वाकला नाही, तर पोटरी, टाच व तळवा यांवरील ताण वाढतो. खुबा आखडलेला असेल, तर त्याची भरपाई कंबर करते. उतारवयात चपला घालणे, जमिनीवरून उठणे, मागे वळून पाहणे ही साधी कामे स्वतःची स्वतः करता येणे बऱ्याच अंशी सांध्यांच्या मोकळेपणावर अवलंबून असते.

मात्र ताणाच्या व्यायामाविषयी गैरसमजही बरेच आहेत. व्यायामाआधी वा नंतर स्नायू ताणल्याने दुसऱ्या दिवशीची अंगदुखी फारशी कमी होत नाही, असे अभ्यासांत आढळले आहे. धावण्यापूर्वी एकच स्नायू मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास त्याची ताकद काही काळ किंचित घटते. अतिलवचिकता हाही गुण नव्हे. सैल सांध्यांना आधार देण्यासाठी स्नायूंची ताकद आवश्यक असते.

मोजमाप कसे करतात?

पाय सरळ पसरून बसायचे आणि गुडघे न वाकवता हात पुढे न्यायचे, ही सर्वांत प्रचलित चाचणी होय. वेल्स व डिलन यांनी ती १९५२ मध्ये मांडली. तिच्यातून प्रामुख्याने मांडीच्या मागच्या स्नायूंची लवचिकता कळते. खांद्यांची वा घोट्यांची नव्हे.

सराव कसा करावा?

थंड शरीर ताणू नये. आधी ५ ते १० मिनिटे चालून अंग गरम करावे. मग पोटरी, मांडीची पुढची व मागची बाजू, खुबा, कंबर, छाती व खांदे यांचे स्नायू क्रमाने ताणावेत. प्रत्येक ताण १० ते ३० सेकंद स्थिर धरावा आणि २ ते ४ वेळा करावा. ज्येष्ठांनी तो ३० ते ६० सेकंद धरला तरी चालतो. ओढ जाणवावी, वेदना होऊ नये. श्वास रोखू नये. हिसके देणे टाळावे, कारण झटक्याने ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने आकुंचन पावतो. आठवड्यातून किमान २-३ दिवस आणि जमल्यास रोज हा सराव करावा. सावकाश घातलेले सूर्यनमस्कार व योगासनेही हेच काम करतात. सांधेरोग, मणक्याचा विकार वा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लवचिकता काही आठवड्यांच्या नियमित सरावाने वाढते आणि सराव थांबला की कमी होऊ लागते. त्यामुळे वारीला निघू इच्छिणाऱ्याने चालण्याच्या सरावाबरोबरच निदान दोन महिने आधीपासून रोज १० मिनिटे यासाठी राखून ठेवावीत. वारी संपल्यावरही ती सोडू नयेत.