छोट्या प्रॉपेलरांची वातविवरातील परीक्षा

वातविवर म्हणजे ज्यातून ठराविक वेगाने हवेचा झोत वाहविता येतो असा बोगदा. त्यात प्रॉपेलरांची पद्धतशीर परीक्षा घेण्याचे मोठे श्रेय स्टॅनफर्ड विद्यापीठातील विल्यम ड्युरँड व एव्हरेट लेस्ली यांना द्यावे लागते. १९१६ ते १९२६ या काळात त्यांनी तीन फूट व्यासाच्या नमुन्यांवर प्रयोग केले. पात्याचा आकार, रुंदी आणि पिच क्रमाने बदलावयाचे आणि प्रत्येक बदलागणिक रेटा व खर्ची पडणारी शक्ती मोजावयाची, अशी त्यांची रीत होती. ही मोजमापे परिमाणरहित गुणांकांत मांडली म्हणजे नमुन्यावरून मोठ्या प्रॉपेलरचे वर्तन ताडता येई. मात्र या मांडणीत हवेच्या श्यानतेचा परिणाम गौण मानलेला होता.

मोठ्या विमानांच्या बाबतीत ही सवलत बव्हंशी पचली. छोट्या ड्रोनच्या बाबतीत ती पचण्यासारखी नव्हती. प्रवाहातील जडत्व व श्यानता यांचे परस्परप्रमाण ज्याने दर्शविले जाते, तो रेनल्ड्झ अंक ड्रोनच्या पात्यावर अनेकदा ५०,००० ते १,००,००० एवढाच असतो. अशा अवस्थेत पात्यालगतचा हवेचा थर लवकर पृष्ठ सोडतो. रेटा घटतो व रोध वाढतो. म्हणजे ड्युरँडच्या आलेखांवरून उलट दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे येणे धोक्याचे ठरते. जी बाब पूर्वी नमुना व मूळ वस्तू यांतील किरकोळ तफावत म्हणून गणली जाई, तीच येथे मुख्य प्रश्न होऊन बसली.

या प्रश्नाला भरीव उत्तर मिळाले ते इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील प्रयोगशाळेत. जॉन ब्रँड्ट व मायकेल सेलिग यांनी २०११ मध्ये ७९ प्रॉपेलरांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील बहुतेकांचा व्यास ९ ते ११ इंच होता. फेऱ्यांचा वेग स्थिर ठेवावयाचा आणि रेटा शून्यावर येईपर्यंत झोताचा वेग वाढवीत न्यावयाचा, अशी पद्धत होती. श्यानतेचा प्रभाव पारखण्यासाठी तोच प्रॉपेलर मिनिटाला १,५०० ते ७,५०० फेऱ्यांच्या मर्यादेत, साधारणतः चार निरनिराळ्या वेगांवर फिरविण्यात आला. चांगल्या प्रॉपेलरची कमाल कार्यक्षमता ०.६५ च्या आसपास भरली, तर अगदी वाईटाची ०.२८ च्या जवळपास. एवढ्याशा बॅटरीवर उडणाऱ्या यंत्राला ही तफावत किती महाग पडत असेल, हे सांगावयास नको! बाजारातील प्रॉपेलरवर व्यास व पिच यांचे आकडे छापलेले असतात. पण पात्याच्या छेदाचा आकार त्यांवरून कळत नाही, आणि गुणदोष पुष्कळदा तेथेच दडलेले असतात.

तथापि हे सर्व प्रयोग झोत अक्षाच्या दिशेने येतो असे धरून झाले होते. चार पंख्यांचे ड्रोन पुढे सरकते तेव्हा झोत पात्यांच्या कडेने येतो, आणि एका पंख्याची ढवळलेली हवा दुसऱ्यात शिरते. त्यामुळे सुटा प्रॉपेलर तपासून भागेना. २०१५ मध्ये नासाच्या एम्स केंद्रातील ७ फूट × १० फूट वातविवरात पाच ड्रोन सबंधच्या सबंध बसवून तपासण्यात आली.