ला रोशेलच्या दप्तरातली वाळवी

ला रोशेल हे फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जुने बंदर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जिल्हा कचेरीचे दप्तर उघडले, तेव्हा खोक्यांत कागदांचे गठ्ठे नीट रचलेले दिसले. वरचा कागद धड, कडाही शाबूत. तो कागद उचलला तर खाली नुसता भुगा! भिंतीच्या लाकडी अस्तरातून पोखरत वाळवी खोक्यांत शिरली होती आणि वरचा कागद व समास तेवढे सोडून सगळा मजकूर तिने फस्त केला होता.

ही तिची रीतच. उजेड आणि कोरडी हवा तिच्या मऊ अंगाला सोसत नाही, म्हणून बाहेरचे कवच राखून ती आत खात जाते. त्याच शहरात एक कारकून जिन्यावर अडखळला. त्याने ओकच्या खांबाचा आधार घेतला, तर हात मनगटापर्यंत आत गेला. जवळच्या तोने-शारांतमध्ये तर ऐन मेजवानीत जेवणघराची जमीन खचली.

निसर्गशास्त्रज्ञ कात्रफाज यांनी १८५३ साली इथे या किड्याचा अभ्यास केला. ही वाळवी कॅरिबियनमधल्या सेंट-डोमिंगहून आलेल्या मालाच्या गाठोड्यांतून आली असावी, असा त्या काळचा समज होता. कात्रफाज यांनी निरनिराळे वायू वापरून पाहिले आणि क्लोरीनवर भर दिला. पण वायूचा उपाय इमारतीपुरताच. वाळवीची वस्ती जमिनीखाली, तिथे तो कसा पोचणार? कचेरीने मात्र उरलेले कागद जस्ताच्या पेट्यांत घातले. साधा उपाय, पण दप्तरापुरता तोच खरा शहाणपणाचा.

१९२४ साली कीटकशास्त्रज्ञ फेतो यांनी या वाळवीला सेंतोंज प्रांताचे नाव देऊन ती स्थानिक ठरवली. पुढे जनुकांच्या तपासणीत ती मूळची उत्तर अमेरिकेची निघाली. गंमत म्हणजे त्या अमेरिकन जातीचे शास्त्रीय वर्णनही १८३७ साली युरोपातच झाले होते, व्हिएन्नाच्या शनब्रुन राजवाड्यातल्या काचघरात सापडलेल्या किड्यांवरून.

त्याच जातीने न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या स्मारकात घर केले. फ्रान्सने भेट दिलेल्या या पुतळ्याच्या चौथऱ्यात तेव्हा संग्रहालय होते. १९९०च्या दशकात तिथे फवारणीवर विसंबण्याऐवजी हेक्साफ्लुमुरॉन मिसळलेले आमिष ठेवले. हे औषध वाळवीला लगेच मारत नाही. कामकरी वाळवी ते खाते, तोंडातून तोंडात इतरांना भरवते आणि पुढे कात टाकायची वेळ आली की नवे कवच तयारच होत नाही. अशी सारी वस्ती हळूहळू संपते. भिंतींना भोके पाडावी लागत नाहीत, वस्तूंवर विषाचा थर बसत नाही. संग्रहालयासाठी याहून सोयीचा उपाय सापडणे कठीण. १९९८ साली त्या स्मारकातून वाळवीच्या वस्त्या नाहीशा झाल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

पुढच्याच वर्षी, ८ जून १९९९ रोजी, फ्रान्सने कायदा केला: घरात वाळवी आढळली, तर राहणाऱ्याने नगरपालिकेला कळवलेच पाहिजे.