वाहिने, परात आणि रद्द झालेली फेरी

रात्री नऊला मेसेज आला. उद्या सकाळची वेलिंग्टन-पिक्टन फेरी रद्द, कारण कुक सामुद्रधुनीत लाटा मोठ्या आहेत. पुढची जागा थेट परवाची.

आता माझी अवस्था काय होती ते सांगतो. ऑकलंडहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन एकटाच निघालो होतो. दक्षिण बेटाचं सगळं गणित एक्सेल शीटमध्ये मांडलेलं (हो, सुट्टीवर पण एक्सेल, सवय जात नाही). एक दिवस गेला म्हणजे खालचे सगळे सेल लाल. गाडीत बसून मॅगी खाता खाता फेरीवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. एवढी मोठी बोट, आणि जराशा लाटांना घाबरते?

दुसऱ्या दिवशी करायला काहीच नव्हतं म्हणून सीटून नावाच्या उपनगरात गेलो. बंदराच्या तोंडाशीच आहे ते. तिथल्या बागेत एक भला थोरला नांगर साखळीसकट ठेवलाय. शेजारी पाटी. ती वाचली आणि मग उरलेला दिवस आणि रात्र त्या पाटीमागची गोष्ट शोधण्यात गेली. तीच आज सांगतो.

जहाजाचं नाव वाहिने. माओरी भाषेत वाहिने म्हणजे बाई. वेलिंग्टन ते लिटलटन (क्राइस्टचर्चचं बंदर) अशी रात्रभराची बोट असायची. संध्याकाळी चढायचं, केबिनमध्ये झोपायचं, सकाळी दुसऱ्या बेटावर उतरायचं. आपल्याकडे रातराणी एसटी तसं काहीसं. १९६२ मध्ये रेल्वे खात्याने वेलिंग्टन-पिक्टन मार्गावर आरामोआना ही नवी फेरी आणली. तिच्यात मालगाडीचे डबे आणि मोटारी सरळ आत ढकलता यायच्या, क्रेनची भानगडच नाही. लोकांना ते आवडलं. मग लिटलटनवाल्या युनियन स्टीम शिप कंपनीलाही तसंच काहीतरी करणं भाग पडलं. ग्लासगोत बांधलेली वाहिने १९६६ मध्ये सेवेत आली. लांबी सुमारे १४९ मीटर, आणि पोटात मोटारींसाठी एक लांबरुंद, सलग डेक.

हा सलग डेक लक्षात ठेवा.

९ एप्रिल १९६८ ला रात्री पावणेनऊच्या सुमारास ती लिटलटनहून निघाली. प्रवासी आणि खलाशी मिळून ७३४ जण, त्यात एक चोरून चढलेलाही होता. उत्तरेकडून गिझेल नावाचं चक्रीवादळ येत होतं हे माहीत होतं, पण ते दक्षिणेकडून आलेल्या थंड वाऱ्यांना नेमकं वेलिंग्टनपाशी भिडेल अशी अपेक्षा कोणाला नव्हती. त्या दिवशी वाऱ्याचे झोत ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर गेले.

पहाटे सहाच्या आसपास कॅप्टन रॉबर्टसन यांनी बंदरात शिरायचा निर्णय घेतला. बंदराचं तोंड अरुंद आणि त्याच्या एका बाजूला बॅरेट रीफचे खडक. ऐन तोंडाशी रडार बंद पडलं आणि एका लाटेने जहाज आडवं फिरवलं. समोर काही दिसत नाही, सुकाणू ऐकत नाही. अर्धा तास झगडून ६:४० च्या सुमारास जहाज खडकावर आपटलं. उजवा पंखाच तुटून गेला, थोड्या वेळात डावं इंजिनही बंद. दोन्ही नांगर टाकले तरी ते ओढत ओढत जहाज बंदरात आत सरकत राहिलं.

आणि इथून पुढचे सहा-सात तास मला जास्त अस्वस्थ करतात. प्रवाशांना लाइफजॅकेट घालायला सांगितलं, पण तात्काळ धोका नाही असंही सांगितलं. लोक सलूनमध्ये बसून राहिले. खिडकीतून किनाऱ्यावरची घरं दिसतायत. दुपारच्या आधी एका टगबोटीने दोर बांधला, तो तुटला.

दरम्यान मोटारींच्या डेकवर पाणी साचत होतं.

इथे जरा इंजिनिअरिंग. आईला लग्नकार्यात पाण्याने भरलेली परात उचलताना पाहिलंय? कळशी भरून नेणं सोपं, पण परातीत चार बोटं पाणी असलं तरी जीव मेटाकुटीला येतो. जरा तिरकी झाली की सगळं पाणी तिकडेच धावतं, त्या वजनाने परात आणखी तिरकी होते, आणि आणखी पाणी धावतं. जहाजशास्त्रात याला फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात. गंमत अशी, की हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मधोमध एक उभी भिंत घातली तर पाणी तेवढंच राहूनही परिणाम एक चतुर्थांश होतो. पण भिंत घातली की मोटारी कशा चढवणार आणि वळवणार? म्हणून भिंत नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी लोक या बोटींवर खूष होते तीच सोय जीवावरची. आमच्या धंद्यात पण बहुतेक बग असेच, कोणाच्या तरी सोयीतून आलेले.

दुपारी सव्वाच्या सुमारास भरती-ओहोटीच्या ओढीने जहाज फिरलं आणि उजवीकडे कलायला लागलं. पाचदहा मिनिटांत जहाज सोडायचा हुकूम आला. "स्टारबोर्ड बाजूला जा." आता स्टारबोर्ड म्हणजे उजवी हे किती प्रवाशांना माहीत असणार? कित्येक जण गोंधळून भलत्याच बाजूला गेले. जहाज इतकं कललं होतं की डावीकडच्या होड्या पाण्यात सोडताच येईनात, फक्त उजवीकडच्या चार सुटल्या. त्यातली एक लगेच पाण्याने भरली. अडीचच्या सुमारास वाहिने पूर्ण आडवी झाली, तेही जेमतेम बारा मीटर खोल पाण्यात!

माझा असा समज होता की जे किनाऱ्याला लागले ते वाचले. तसं झालं नाही. सीटूनच्या बाजूला माणसं, घरं, होड्या, सगळं होतं. पण वाऱ्याने दोनेकशे लोकांना पूर्वेकडे, ईस्टबोर्नच्या खालच्या निर्मनुष्य खडकाळ किनाऱ्यावर नेलं. रस्त्यावर दरडी कोसळलेल्या, मदतीची माणसं पोचायला तास गेले. मेलेल्यांपैकी बहुतेक त्या बाजूला सापडले. त्या दिवशी ५१ जण गेले. नंतर दगावलेल्या दोघांना धरून आज आकडा ५३ सांगतात.

चौकशी झाली. न्यायालयाने चुका झाल्या असं म्हटलं, पण परिस्थिती किती भयंकर होती हेही मान्य केलं. अधिकाऱ्यांवरचे आरोप फेटाळले गेले. कॅप्टनवरचा मुख्य ठपका मात्र मला पटला: मोटारींच्या डेकवर पाणी आहे ही गोष्ट त्यांनी किनाऱ्याला कळवली नाही. लोकांना आधी उतरवलं असतं तर कदाचित जास्तच मेले असते असं म्हणणारे आहेत, आणि सकाळचा वारा बघता मी त्यांच्याशी भांडणार नाही. पण माहिती दाबून ठेवण्याचं काय?

हे वाचताना मला आपली रामदास आठवली. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्रच नव्हतं. मुंबईला कळलं ते संध्याकाळी, वाचलेले परत आले तेव्हा. वाहिनेवर यंत्र होतं आणि समोर शहर दिसत होतं.

नंतर काय झालं ते थोडक्यात. लिटलटनची बोट १९७६ मध्ये कायमची बंद झाली. पिक्टनची राहिली. १९८७ मध्ये झीब्रुगे बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ दार उघडं राहून बुडाली, १९३ मृत्यू. १९९४ मध्ये बाल्टिकमध्ये एस्टोनिया, ८५२. दोन्हीकडे तीच परात. त्यानंतर कुठे युरोपात डेकवर पाणी साचलं तरी जहाज उभं राहिलं पाहिजे असे नियम आले.

असो. परवाची फेरी वेळेवर सुटली. कॅम्परव्हॅन आत घातली, गॅसचा सिलिंडर बंद केला, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. शेजारी एक माणूस ट्रकला साखळ्या आवळत होता. डेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मधे भिंत नव्हती.

वर आलो आणि आधी लाइफजॅकेटचा नकाशा वाचला. मग बाहेर कठड्याशी उभा राहिलो. बॅरेट रीफ अगदी जवळून जातो. काळे, ओबडधोबड दगड, भोवती थोडासा फेस, वर पक्षी बसलेले. आईचा फोन आला, "बोट नीट आहे ना रे?" म्हटलं, हो, काल रद्द केली होती त्यांनी. ती म्हणाली, "बरं केलं."